खोडलेला काना

मात्रेने हिरव्या पेनाने 'तो'मधला काना खोडला. उरलं 'ते'. पुढच्या ओळीत आणखी एक 'तो' होता, त्याचाही काना गेला. क्रियापदांना जरा जास्त डागडुजी लागत होती. 'ठेवतो'वर रेघ मारून वर 'ठेवतात', 'घेतो'वर रेघ मारून वर 'घेतात'. हात सरावलेला होता, त्यामुळे फार विचार करावा लागत नव्हता. पान संपलं तेव्हा समासात हिरव्या खुणांची रांग लागली होती, आणि नुकत्याच झाडून काढलेल्या खोलीकडे बघावं तसं तिने त्या पानाकडे समाधानाने बघितलं.

वाचनालयातल्या टेबलाच्या पलीकडे जिचा तो निबंध होता ती बसली होती. वर्गात तिला सगळे घाई म्हणत. शेवटच्या तासाची घंटा वाजण्याआधीच तिचं दप्तर भरलेलं असायचं आणि घंटेचा आवाज विरायच्या आत ती जिना उतरलेली असायची. गेटवर तिचे वडील उभे असत. रोज, न चुकता. बाकीच्या मुली त्यावरून तिची थट्टा करत, काहींना तिचा हेवाही वाटे. 'आमच्या घरी मी दोन दिवस गेले नाही तरी कुणाच्या लक्षात यायचं नाही,' असं एकीने म्हटलं होतं आणि त्यावर सगळ्या हसल्या होत्या, घाईसुद्धा.

मात्रेचं नावही वर्गानेच ठेवलेलं. फळ्यावर, नोटिशीवर, कॅन्टीनच्या पाटीवर, कुठेही काना-मात्रा चुकली की हिचा जीव कासावीस व्हायचा. एकदा तिने वाढदिवसाच्या शुभेच्छापत्रातली वेलांटी दुरुस्त करून ते परत दिलं होतं. शुद्धलेखनात तिच्यापुढे कुणाची मात्रा चालत नसे, हा विनोद वर्गात इतका झिजला होता की आता कुणी हसत नव्हतं.

"झालं?" घाईने विचारलं.

"जरा थांब. अभिप्राय लिहायचा आहे."

निबंधाच्या मॅडमनी नियम घालून दिले होते. सगळ्यांनी एकमेकींचे निबंध तपासायचे. आधी दोन चांगल्या गोष्टी सांगायच्या, मग दोन सुधारणा सुचवायच्या आणि शेवटी लिहिणारीला एक प्रश्न विचारायचा. ज्याचं उत्तर तुम्हाला खरोखर माहीत नाही असाच प्रश्न विचारा, असं मॅडम बजावून सांगत. कच्चं लिखाण, अभिप्राय आणि पक्की प्रत असे सगळे कागद एकत्र टाचून द्यायचे. अभिप्रायालाही गुण होते, आणि गुण म्हटल्यावर मात्रा काही सोडणारी नव्हती.

पण यावेळी नुसत्या गुणांचा प्रश्न नव्हता. निबंधाचा विषय होता 'मला वसतिगृहात का राहायचं आहे', आणि ज्या मुलींना खरोखरच जागा हवी होती त्यांचा हाच निबंध अर्जाबरोबर समितीपुढे जाणार होता. शहरातच घर असलेल्या मुलींसाठी वसतिगृहात एकच जागा होती, आणि ती नेमकी मात्रेच्या खोलीतली. तिची आधीची सोबतीण शिक्षण सोडून गेल्यापासून समोरची खाट उघडी पडली होती. घाईने अर्ज करायचं ठरवलं तेव्हा मात्रेला मनापासून आनंद झाला. मधल्या सुट्टीत तिने घाईला खोली दाखवायला नेलं. घाई उघड्या खाटेवर टेकली, खिडकीकडे तिने बघितलंसुद्धा नाही.

"दाराला आतून कडी आहे?" तिने विचारलं होतं.

"आहे की. जरा घट्ट बसते."

घाईने उठून कडी लावली, काढली, पुन्हा लावली. मग दाराला पाठ टेकून ती थोडा वेळ तशीच उभी राहिली. मात्रेला हसू आलं होतं. कपाटं किती आहेत, पाणी किती वाजता येतं, हे विचारायचं सोडून ही बाई कडी बघत बसली होती.

आता मात्रेने अभिप्रायाचा कागद पुढे ओढला. चांगल्या गोष्टींत लिहिलं: वाक्यं छोटी आहेत. अक्षर नेटकं आहे. सुधारणांत लिहिलं: वडिलांचा उल्लेख काही ठिकाणी 'ते' तर काही ठिकाणी 'तो' असा आहे. पहिल्या भागात आणि शेवटच्या ओळीत बरोबर आहे, म्हणजे नियम माहीत असूनही निष्काळजीपणा झाला आहे. सर्वत्र 'ते' करावे. दुसरी सुधारणा: घड्याळ, रेडिओ, कडी या तपशिलांचा विषयाशी संबंध लागत नाही. गाळावेत. त्याऐवजी वडिलांच्या कष्टांचा उल्लेख केल्यास शेवट आशादायी होईल.

आता कुणी विचारेल, की इतकी हुशार मुलगी, आणि डोळ्यांसमोर लिहिलेलं तिला वाचता आलं नाही? नाही आलं, हे खरं आहे. तिला चुका दिसत आणि मजकूर दिसत नसे. त्यातून 'तो' तिला विशेष झोंबला होता. तिचे स्वतःचे वडील ती शाळेत जायला लागायच्या आधीच गेले. आईने त्यांचा फोटो पुसताना शिकवलं होतं, बाबा आले म्हणायचं, आला नाही. म्हणायला बाबा नव्हते, पण 'आले' राहिलं होतं. ज्यांचे वडील रोज गेटवर येऊन उभे राहतात त्यांनी त्यांना अरेतुरे करावं, याचा तिला राग आला.

घाईने कागद घेतले. तिचं बोट एका हिरव्या खुणेवरून दुसऱ्या खुणेवर सरकत होतं.

"सगळीकडे 'ते' करायचं?"

"मग काय? अर्ज आहे तो. समितीला वाटेल, हिला वडिलांबद्दल काही आदरच नाही."

"आईला 'ती' लिहिलंय. ते चालतं?"

"आईला चालतं गं. आईला कोण अहोजाहो करतं?"

"हो," घाई म्हणाली. "आईला चालतं." तिने पान उलटलं आणि परत सुलटं केलं. "म्हणजे ही चूकच आहे."

"चूकच."

"तुला वाचताना आणखी काही... म्हणजे व्याकरण सोडून?"

"सूर जरा रडका आहे," मात्रा म्हणाली. तिला खरंच मदत करायची होती, म्हणून तिने आवाज मऊ केला. "रागावू नकोस. पण तक्रारखोर मुलगी कुणाला नको असते. घराबद्दल चांगलं लिही, मग म्हण की मला स्वतःच्या पायावर उभं राहायला शिकायचंय. जागा तुलाच मिळेल बघ."

घाईने मान हलवली. प्रत्येक शब्द नीट ऐकून घेतल्यावर हलवतात तशी. प्रश्नाची ओळ अजून रिकामी होती, ते तिनेच दाखवलं.

"अरे हो," मात्रा म्हणाली, आणि घाईघाईने तिथे लिहिलं, 'शीर्षक बदलता येईल का?'

तेवढ्यात घंटा वाजली. घाई गेलीसुद्धा.

आठवड्याभराने मॅडमनी गुण सांगितले. घाईचा निबंध वर्गात सर्वांत चांगला ठरला. समितीकडे गेलेली प्रत हातात धरून त्यांनी तो उभ्या राहून वाचून दाखवला. पहाटे उठणारे वडील, मुलीला कॉलेजात सोडायला येणारे वडील, संध्याकाळी गेटवर वाट बघणारे वडील. ते राबतात, ते जपतात, ते काळजी करतात. एकही काना चुकीच्या जागी नव्हता. मॅडमचा आवाज शेवटी जरा भरून आला. मग त्यांनी मात्रेच्या अभिप्रायाचंही कौतुक केलं. चांगला अभिप्राय लिखाणाचं कसं सोनं करतो ते बघा, असं म्हणाल्या. मात्रेचे कान गरम झाले. तिने वळून घाईकडे बघितलं. घाई फळ्याकडे बघत होती, आणि फळ्यावर काहीच लिहिलेलं नव्हतं.

तास संपल्यावर मॅडमनी घाईला टेबलाशी बोलावलं. मात्रा मुद्दाम रेंगाळली.

"जागेचं मात्र जमलं नाही हं," मॅडम म्हणाल्या. "वाईट वाटून घेऊ नकोस. समितीत सगळ्यांचं एकच मत पडलं. इतकं प्रेमाचं घर सोडून ही मुलगी इथे कशाला येतेय? एकीच्या घरी खरंच अडचण आहे, तिला दिली."

"बरं," घाई म्हणाली.

"आणि एक गंमत सांगू? काल गेटवर तुझे वडील भेटले. मी म्हटलं, मुलीने तुमच्यावर किती सुंदर लिहिलंय, तुम्ही वाचायलाच हवं. त्यांनाच देऊन टाकला निबंध. इतके खूष झाले."

घाईचा हात दप्तराच्या चेनवर होता, तो तिथेच थांबला.

"सगळे कागद दिले?"

"सगळा संच. टाचलेलाच होता ना. का गं?"

"काही नाही."

शेवटच्या तासाची घंटा वाजली तेव्हा वर्गातल्या मुली भराभर बाहेर पडल्या. घाई बाकावर बसून होती. तिने वह्या एकेक करून उचलल्या, कडा जुळवल्या, पुन्हा खाली ठेवल्या. मात्रा दारापर्यंत जाऊन परत आली. इतक्या दिवसांत घाईला घंटेनंतर बसलेलं तिने कधीच बघितलं नव्हतं.

"चल ना. बाबा वाट बघत असतील तुझे."

"हो. असतील."

"काल काही म्हणाले का? निबंधाबद्दल?"

"काल पाहुणे होते घरी," घाई म्हणाली. "पाहुणे आज सकाळी गेले."

याचा आणि निबंधाचा काय संबंध, हे मात्रेला कळलं नाही. दोघी जिना उतरल्या. घाई प्रत्येक पायरीवर दोन्ही पाय टेकवत होती. अंगणात शिपाई कुंड्यांना पाणी घालत होता, त्याच्याकडे बघून तिने ओळखीचं हसू दिलं, आणि ते हसू पुसायचं ती विसरून गेली.

वडील नेहमीच्या जागी उभे होते. इस्त्रीचा शर्ट, नीट विंचरलेले केस, हातात मुलीसाठी आणलेली छत्री. मात्रेने त्यांना इतक्या जवळून पहिल्यांदाच पाहिलं. माणूस चारचौघांसारखा होता, आवाज तर जरुरीपेक्षाही हळू होता.

"बाळ, तूच का ती, जिने हिचा निबंध तपासला?"

"हो, काका."

"वाचला मी. सगळाच वाचला, कच्चासुद्धा." ते हसले. "ही बऱ्याच ठिकाणी घसरली होती. तू सावरून घेतलंस. हल्ली इतकं मन लावून कोण करतं दुसऱ्याचं काम?"

"तसं काही नाही, काका."

"नाही कसं? घरात एवढं शिकवूनही काही गोष्टी हिच्या डोक्यात शिरत नाहीत. तुझ्यासारखी मैत्रीण आहे म्हणून बरं." मग ते मुलीकडे वळले. "थँक्यू म्हटलंस का मैत्रिणीला?"

"थँक्यू," घाई म्हणाली.

"निघू या. आज आईला रेडिओ दुरुस्त करून हवा होता, तो आणलाय."

एवढं बोलून त्याने छत्री मुलीच्या हातात दिली, डाव्या मनगटावरचा पट्टा सोडला आणि घड्याळ काढलं. घाई न करता त्याने ते रुमालात गुंडाळलं, रुमालाची चारी टोकं आत दुमडली आणि खिशात ठेवलं. मनगटावर पट्ट्याच्या जागी पांढुरका चट्टा होता.

घाई त्या हाताकडे बघत होती. तिचा चेहरा बदलला नाही. फक्त छत्री तिने दोन्ही हातांनी पोटाशी धरली.

"येते मी," ती मात्रेला म्हणाली.

ती दोघं रस्त्याच्या कडेने चालत गेली. मुलगी बापाच्या अर्धं पाऊल मागे होती. वळणापर्यंत दिसली, मग दिसेनाशी झाली.

मात्रा गेटवर उभीच राहिली. घड्याळ. घड्याळाचं काय होतं? तिने ते गाळायला सांगितलं होतं एवढं आठवत होतं. संबंध लागत नाही असं तिनेच लिहिलं होतं. पण मूळ वाक्य काय होतं, ते डोक्यात येईना. ती धावत वाचनालयात गेली, त्याच टेबलाशी बसली आणि कोरा कागद पुढे घेतला.

मजकूर तिला आठवत नव्हता, पण चुका आठवत होत्या. कुठल्या ओळीत काना खोडला, कुठल्या क्रियापदावर रेघ मारली, समासात खुणा कुठे दाट होत्या आणि कुठे विरळ, हे सगळं डोळ्यांसमोर होतं. तिने आधी त्या चुकाच लिहिल्या, आपापल्या जागी. मग त्यांच्या आजूबाजूचे शब्द हळूहळू यायला लागले. पान भरलं तेव्हा काना-मात्रेचाही फरक नव्हता.

'बाबा संध्याकाळी मला घेऊन घरी येतात. ते हातपाय धुतात. ते सगळ्यांशी हळू बोलतात, शेजाऱ्यांना ते फार आवडतात. जेवण झाल्यावर ते ताटं उचलू लागतात. मग तो घड्याळ काढून टेबलावर ठेवतो. आई रेडिओ मोठा करते. तो माझ्या खोलीत येऊन दार लावून घेतो. माझ्या दाराला आतून कडी होती, ती त्याने काढून टाकली. तो दमेपर्यंत रेडिओ चालू असतो. मग तो घड्याळ घालतो. सकाळी ते मला कॉलेजात सोडायला येतात.'

मात्रेने ते एकदा वाचलं. आयुष्यात पहिल्यांदाच बहुधा, तिने काहीतरी नुसतं वाचलं. नियम माहीत असूनही निष्काळजीपणा, असं तिने लिहिलं होतं. एकही चूक नव्हती त्यात. घड्याळ मनगटावर असेपर्यंत 'ते', घड्याळ उतरलं की 'तो', आणि घड्याळ पुन्हा चढलं की 'ते'. इतकं काटेकोर व्याकरण तिने कुणाच्याच निबंधात पाहिलं नव्हतं. आणि ती मुलगी समोर बसून विचारत होती, तुला वाचताना आणखी काही वाटलं का. मात्रेने दोन्ही तळहात तोंडावर दाबले. रडू आलं नाही, नुसती शरम आली, आणि तिच्यामागून भीती.

मॅडम स्टाफरूममध्ये कपाटाला कुलूप लावत होत्या. बाकी सगळे निघून गेले होते. खिडकीबाहेर दिवे लागायला सुरुवात झाली होती. तोवर ती दोघं घरी पोहोचली असतील, जेवायला कदाचित अजून बसली नसतील, असा हिशेब करतच मात्रा आत शिरली.

"मॅडम, तो निबंध."

"अगं, किती कौतुक करून घेशील?"

"त्याने कच्चा कागद वाचलाय."

"कुणी?"

"तिच्या बापाने."

मॅडमच्या कपाळावर आठी पडली. "ही कुठली भाषा? तूच इतरांना शिकवतेस ना? वडील आहेत ते. 'त्यांनी' म्हण."

"त्याने," मात्रा म्हणाली, आणि कागद पुढे धरला.

मॅडम तिच्या तोंडाकडे बघत राहिल्या. मग खुर्ची ओढून बसल्या, चष्मा लावला, आणि सवयीने टेबलावरचं लाल पेन उचललं. मात्रेने ते त्यांच्या बोटांतून हळूच काढून घेतलं. त्या वाचू लागल्या. घड्याळापाशी त्यांचे डोळे अडखळले, पुढे गेले, रेडिओपाशी थांबले, आणि परत वर आले. दुसऱ्यांदा वाचताना त्यांचे ओठ हलत होते. कडीच्या ओळीवर त्यांनी बोट ठेवलं आणि ते बराच वेळ तिथून उचललं नाही.

"मीच दिला त्याला," त्या म्हणाल्या. "माझ्या हाताने."

त्या उठल्या. पर्स खांद्याला अडकवली, फोन हातात घेतला, पुन्हा खाली ठेवला. मुलींचे पत्ते ज्या ऑफिसात असत त्याला कुलूप लागलेलं असणार, तिथले सगळे गेलेले असणार, हे त्यांना माहीत होतं.

"घर कुठे आहे तिचं?" त्यांनी विचारलं.

मात्रेने सांगायला तोंड उघडलं. घराबद्दलचा सगळा निबंध तिला पाठ होता. घर कुठे आहे, हे तिने कधी विचारलंच नव्हतं.